यॉर्कच्या यादीतली बारावी ओळ

रविवार, ८ मार्च २०२०. उइटहॉर्न हे डच गाव, आमचं जेवणाचं टेबल. हजर: आई, वय एकाहत्तर, साताऱ्याहून अडीच आठवड्यांपूर्वी आलेली, माझा नवरा श्रीरंग, मुलगी इरा, वय बारा, आणि मी. फोनच्या पडद्यावर, इंग्लंडमधल्या यॉर्कहून, माझी धाकटी बहीण केतकी, आठवा महिना. तिच्या खांद्यामागे तिचा नवरा निनाद, हातात चहाचे दोन कप.

ही नोंद माझ्या वहीत अशीच आहे. ऑफिसात मी प्रकल्पांची वेळापत्रकं सांभाळते. तीच सवय घरात येते आणि घरातल्या बोलण्याचीही मी तारीख आणि हजेरी लिहिते. त्याची चेष्टा होते, होऊ दे. त्या रविवारचे विषय दोन होते: बाळंतपण आणि सहल.

केतकीची तारीख सव्वीस एप्रिल होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि लेकीला माहेरी जाता येत नसेल तर माहेराने उठून लेकीकडे जायचं, एवढं आमच्याकडे कुणी बोलूनही दाखवत नाही. आईचा इंग्लंडचा व्हिसा झाला. मग परदेशात राहणाऱ्या आमच्यासारख्या माणसांच्या डोक्यात जे येतं तेच माझ्याही डोक्यात आलं. एवढी खटपट केलीच आहे, तर.

तर आई आधी माझ्याकडे येईल, ट्यूलिप बघेल. ईस्टरच्या सुट्टीत आपण चौघं बोटीने जाऊ. गुरुवारी, नऊ एप्रिलला संध्याकाळी बसायचं, शुक्रवारी सकाळी हल बंदरात उतरायचं, तिथून यॉर्क फार लांब नाही. चार दिवस यॉर्क आणि आसपासचं बघायचं. मग आम्ही तिघं परत, आई तिथे, आणि दोन आठवड्यांनी बाळ. मी वेळापत्रक छापून फ्रिजवर लावलं आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. फार सुबक दिसत होतं.

*

आमच्या घरापासून आम्स्टेल नदीकडे जाताना बांधाच्या उतारावर डॅफोडिल येतात. कुणी लावली माहीत नाही, खेमेन्टेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, लावली असतील. फेब्रुवारीच्या शेवटी चिखलातून हिरवी पाती वर येतात आणि मार्चमध्ये एका आठवड्यात सगळा उतार पिवळा होतो. सायकलवरून जाणारी माणसं थांबून फोटो काढतात. मी पॅडल जोरात मारते.

गेली दोन वर्षं हा पिवळा रंग दिसला की मी असंच करते. मला फुलांचं वावडं नाही. पण त्या वर्षीचा सगळा वसंत मी फोनच्या पडद्यावर याच रंगात पाहिला. यॉर्कच्या जुन्या तटबंदीखालचे उतार डॅफोडिलनी भरलेले असायचे, आणि त्या पिवळ्याच्या कडेकडेने माझी पोटुशी बहीण एकटी चालत असायची.

*

यादीत अकरा ठिकाणं होती. पहिली सात शहरातली, पायी बघण्यासारखी. मिन्स्टर, म्हणजे ते प्रचंड कॅथेड्रल. शहराभोवतीची भिंत, जिच्यावरून चालत साडेतीन किलोमीटरची फेरी मारता येते. शॅम्बल्स नावाची बोळ, जिथली जुनी लाकडी घरं वरच्या मजल्यावर एकमेकांकडे इतकी झुकली आहेत की समोरच्याला खिडकीतून मीठ मागावं. टेकाडावरचा क्लिफर्ड्स टॉवर. रेल्वेचं म्युझियम, कारण आमचे बाबा रेल्वेत होते आणि आईला इंजिनांचं प्रेम आहे. बागेतले पडक्या मठाचे अवशेष. सातवा नदीकाठ. पुढची चार गाडीने जायची: नेअर्सबरोचा उंच रेल्वेपूल, फाउंटन्स अ‍ॅबी, एक मोठा राजवाडा, आणि समुद्रावरचं व्हिटबी. प्रत्येकापुढे उघडण्याची वेळ, स्वच्छतागृह कुठे, बसायला बाकं किती, आईच्या गुडघ्यांना पायऱ्या किती. व्हिटबीपुढे मी लिहिलं होतं, ‘१९९ पायऱ्या, आई खाली आइस्क्रीम’.

बाळंतपणाची यादी वेगळी होती, ती आईच्या डोक्यात होती. तिच्या बॅगेत डिंक, हळीव, बाळंतशोपा, ओवा, पोटाला बांधायचे मऊ सुती पट्टे आणि वेखंडाचा तुकडा होता. विमानतळावर त्या वेखंडाबद्दल तिला कुणी काही विचारलं नाही, याचं तिला जरा वाईटच वाटलं होतं. तिने उत्तर तयार ठेवलं होतं.

*

मंगळवार, दहा मार्च. दुपारी दीडला केतकीचा फोन आला. मी ऑफिसच्या जिन्यात गेले.

“ताई, एकटी आहेस?”

“बोल.”

“आईला आत्ताच पाठव ना. या शनिवारी.”

“का? काही होतंय का तुला?”

“मला काही होत नाहीये. पण इथे कामावर सगळे म्हणतायत, सगळं बंद होणार. इटलीचं बघतेयस ना? मला भीती वाटतेय.”

“अगं, इटली कुठे, यॉर्क कुठे. आणि आई एकटी मँचेस्टरला उतरणार? त्या मशीनमध्ये पासपोर्ट कसा घालायचा...”

“ती साताऱ्याहून तुझ्याकडे एकटीच आली की!”

मी आवाज मोठा केला. “केतकी, नऊ तारखेला आम्ही सगळेच येतोय. महिनाच तर राहिलाय. बोट ठरली, यादी झाली...”

“तुझी यादी...” ती म्हणाली. मग हळू म्हणाली, “बरं. तू बघ. तूच ठरव. पण आईला सांगू नकोस मी घाबरलेय म्हणून, ती झोपायची नाही.”

संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला. शनिवारी सकाळच्या विमानात जागा होती. आईचं नाव भरलं, जन्मतारीख भरली, पासपोर्टचा नंबर मला पाठ होता. शेवटचं बटण राहिलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “मंजू, इराला उद्या डब्यात थालीपीठ दिलं तर खाईल का गं?”

मी लॅपटॉप मिटला.

मी घाईत होते, मला तितकं गंभीर वाटलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिले. त्यात खोटं काही नाही, पण ते पुरेसंही नाही. इरा झाली तेव्हा आई येऊ शकली नव्हती. बाबांना नुकताच पक्षाघात झाला होता. या देशात बाळंतिणीकडे आठ दिवस एक बाई घरी येते, सरकारी व्यवस्थाच आहे तशी. माझ्याकडे आलेली बाई फार भली होती. ती रोज सकाळी मला चीजचा टोस्ट द्यायची, ताप मोजायची, बाळाला कोमट पाण्याच्या बादलीत बसवायची. आठव्या दिवशी तिने हात मिळवला आणि सायकलवर बसून गेली. दार लावून मी तिथेच जिन्यावर बसले आणि रडले, आणि मग उठून कपड्यांचं मशीन लावलं. तेव्हापासून बारा वर्षं आई माझ्या घरात एक दिवस राहिली नव्हती. तिने माझ्या मुलीसाठी माझ्या तव्यावर थालीपीठ थापावं, असे हे सात आठवडे माझे होते. ते मला कमी करायचे नव्हते.

वहीत त्या तारखेला मी लिहिलं: ‘के. म्हणते आई आधी. विचार करू.’

*

त्यानंतर विचार करायला पाच दिवस मिळाले. शुक्रवारी मी पुन्हा ते पान उघडलं, पुन्हा बंद केलं. रविवारी संध्याकाळी इथल्या शाळा बंद झाल्याची बातमी आली. सोमवारी इंग्लंडमध्ये सांगितलं गेलं की सत्तरीच्या पुढच्या माणसांनी आणि गरोदर बायकांनी इतरांपासून दूर राहावं. आई आणि केतकी एकाच दिवशी एकाच यादीत आल्या, आणि ती यादी मी केलेली नव्हती.

मग मी जे करायला हवं होतं ते सगळं केलं, फक्त उशिरा. आधी विमानं रद्द झाली. बोटीवर फोन केला, तर आता फक्त मालाचे ट्रक जाणार, प्रवासी नाहीत. दुसऱ्या बंदराची बोट, बोगद्यातली रेल्वे, श्रीरंगने गाडीने सोडण्याचा मार्ग, प्रत्येकासाठी रकाना केला आणि प्रत्येक रकान्यात फुली मारली. हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरांनी, फोनवर आईचं वय आणि रक्तदाब विचारला आणि शांतपणे म्हणाले, “मी माझ्या आईला पाठवलं नसतं.”

आईला मी सांगितलं तेव्हा ती डिंक तळत होती. तिने गॅस बंद केला. तळलेला डिंक कागदावर काढला, एकेक खडा सुटा केला. मग म्हणाली, “लाडू करून ठेवते. रस्ता उघडला की लगेच निघता येईल.”

*

लाडू झाले आणि डब्यात बसले. रस्ता उघडला नाही. इंग्लंडमध्ये दिवसातून एकदा चालायला बाहेर पडायची परवानगी होती आणि केतकीला नर्सने रोज चालायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिच्या डोक्यामागे आभाळ आणि दगड दिसत होता.

“कुठे गं आहेस?” आईने विचारलं.

“यादीतलं एक नंबर. ताईने एवढी मेहनत केलीय, वाया कशाला घालवू?”

मी पलीकडे लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते. माझा माइक बंद होता, कान उघडे होते. तो टोमणा होता की समजूत, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मग ते रोजचंच झालं. आमच्या घड्याळात तीन वाजले की आई साडी नीट करून टेबलाशी बसायची, पुढे माझी यादी, हातात पेन्सिल. मिन्स्टरचे दरवाजे बंद, शॅम्बल्समधली सगळी दुकानं बंद. ज्या बोळीत एरवी पर्यटकांना खांदा लागल्याशिवाय चालता येत नाही, तिथे केतकीच्या पावलांचा आवाज आम्हाला उइटहॉर्नमध्ये ऐकू येत होता. आई म्हणाली, “ही एवढीशी बोळ बघायला लोक विमानानं येतात? आपल्या साताऱ्याच्या मोती चौकात या म्हणावं.” क्लिफर्ड्स टॉवर पाहिल्यावर तर ती खरोखर नाराज झाली.

“हा किल्ला?”

“किल्ल्यातला बुरूज आहे आई. बाकीचा किल्ला राहिला नाही.”

“आमच्या अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गुरं बांधायला बरा आहे.”

“आई!”

“चढू मात्र नकोस हां त्या पायऱ्या.”

“बंदच आहेत. इथे सगळंच बंद आहे.”

तटबंदीवर जायच्या पायऱ्यांच्या दारालाही कुलूप होतं. भिंतीवर दोन माणसं एकमेकांपासून पुरेशी लांब राहू शकत नाहीत म्हणून. तेव्हा केतकी भिंतीच्या खालून चालायची, रोज थोडी थोडी, डॅफोडिलच्या कडेने. चालताना तिचा श्वास लागायचा आणि आई त्या श्वासावर लक्ष ठेवायची, डोळे मिटून. “जरा बैस. त्या बाकावर बैस.” “आई, बाकाला पट्टी बांधलीय.” “मग भिंतीला टेकून उभी राहा. एवढी मोठी भिंत कशाला बांधलीय मग त्यांनी?”

यादीत जिथे मी बाकं किती ते लिहिलं होतं, तिथे आईने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली: ‘पाय सुजलेले. चप्पल बदलायला सांगितली.’ ‘आज हसली.’ ‘बाळ फार हलतंय म्हणे. चांगलं.’ रेल्वेच्या म्युझियमपुढे लिहिलं होतं, ‘बंद. बाहेरून शिटी तरी ऐकू यायची होती.’

हे सगळं मी पाहत होते आणि रोज ठरवत होते की आज आईला दहा मार्चचा फोन सांगायचा. रोज मला काहीतरी काम निघायचं. मला काम काढता येतं, तो माझा व्यवसायच आहे.

*

शुक्रवार, १७ एप्रिल. हजर: आई, मी, इरा. श्रीरंग वरच्या खोलीत कामावर.

तीन वाजले. सव्वातीन. आईने फोन उलटा करून पाहिला, आवाज चालू आहे ना ते पाहिलं. साडेतीनला मी केतकीला लावला, वाजून वाजून बंद झाला. निनादला लावला, तोही तसाच. चार वाजता निनादचा मेसेज आला. बाळ सकाळपासून हलत नाहीये असं केतकीला वाटतंय, हॉस्पिटलमध्ये आलोत, तिला एकटीलाच आत घेतलंय, नियम आहे, मी पार्किंगमध्ये गाडीत बसलोय. कळवतो.

मी तो मेसेज आईला वाचून दाखवला, कारण तिने चष्मा काढून बाजूला ठेवला होता. इरा येऊन तिच्याजवळ बसली. “आजी, शी विल बी ओके.”

“हो गं बाई,” आई म्हणाली. “ओके.”

मग मी काय केलं? मसाल्याचं कपाट काढलं. सगळ्या डब्या टेबलावर मांडल्या, तारीख उलटलेल्या वेगळ्या केल्या, नवी लेबलं कापली. धणेपूड, जिरेपूड, गोडा मसाला. आई समोर बसून माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्यापुढे ती यादी होती, ‘बाळ फार हलतंय म्हणे’ ही अक्षरं वर आलेली. तिने त्यावर तळहात ठेवला.

“मी जर तेव्हाच गेले असते,” ती म्हणाली, “तर आज निदान घरात कुणीतरी असतं. सकाळीच ओळखलं असतं मी.” मग ती म्हणाली, “पण कुणाला ठाऊक होतं? सगळं एकदम बंद झालं. तुझ्या तरी हातात काय होतं मंजू?”

तेव्हा फोन वाजला नाही. वाजला असता तर मला निदान सबब मिळाली असती. बाहेर कुणाचं तरी सायकलचं कुलूप खडखडलं. माझ्या हातात ‘हिंग’ लिहिलेलं लेबल होतं आणि मी ते डबीवर चिकटवत होते. वाकडं बसलं म्हणून काढलं आणि पुन्हा चिकटवलं.

सहा वाजता मेसेज आला की ऑपरेशन करतायत, निनादला आत बोलावलंय. सात वाजायला पाच मिनिटं असताना फोन आला. मुलगा. दोघंही ठीक. निनाद रडत होता, त्यामुळे ‘ठीक’ हा शब्द आईने त्याच्याकडून तीनदा वदवून घेतला. मग ती उठली, देवापुढे साखर ठेवली आणि मला म्हणाली, “तो हिंग नीट बंद कर, वास सुटलाय.”

*

इथे बाळ झालं की रस्कवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळलेली बडीशेप पसरतात आणि आल्यागेल्याला देतात. मुलगा असेल तर निळीपांढरी, मुलगी असेल तर गुलाबी. इरा दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटमधून निळा खोका घेऊन आली. आईने एक दाणा तोंडात टाकला आणि थक्क झाली. “अगं, ही तर बडीशेप! बाळंतिणीला आपण शोपा देतो तेच की हे. यांना कुणी सांगितलं?” मग तिने स्वतः रस्क तयार केले, ताट कुंपणावर ठेवलं आणि चार पावलं मागे सरली. शेजारच्या म्हाताऱ्या बाई आल्या, एक उचलला आणि लांबूनच विचारलं, बाळ कुठे आहे? आईने अंदाजाने समुद्राच्या दिशेला हात केला. “तिकडे,” ती मराठीतच म्हणाली. त्यांना कळलं.

पुढचे सात आठवडे आईने फोनवरून बाळंतपण केलं. निनादने हळीवाची खीर शिकली, पहिली जाळली, दुसरी जमली. पट्टे नव्हते म्हणून जुन्या चादरीचे फाडले. “टाक्यांवर बांधू नकोस रे, बाबा, नीट दिसत नाहीये. कॅमेरा खाली कर. अरे एवढाही खाली नको!” धुरी द्यायची होती, पण घरात धुराचा अलार्म होता, तेव्हा ती राहिली. बाळ रडलं की आई इकडे मांडी हलवायची. रिकामी मांडी. मी ते पाहायचं टाळत असे.

जूनमध्ये सरकारने सोडलेल्या खास विमानात तिला जागा मिळाली आणि ती मुंबईला गेली, नातवाला हात न लावता. डिंकाचे लाडू फ्रीझरमध्ये राहिले. “त्याला हात लावायचा नाही,” असं बजावून गेली होती. कुणी लावला नाही.

तेव्हापासून साताऱ्याहून आईचा फोन चालू असताना, मध्येच आलेल्या नातेवाइकांना ती सांगते ते एक वाक्य मी किती वेळा ऐकलंय. “मंजूनं सगळी तयारी केली होती हो, अगदी छापून. पण करणार काय, सगळं एकदम बंद झालं.” माझी बाजू आई इतक्या ठामपणे घेते की मला फोन धरवत नाही.

केतकीला मी मात्र विचारलं होतं, बाळाच्या पहिल्या वाढदिवशी, सगळे पडद्यावरून गेल्यावर.

“तू आईला सांगितलंस का? त्या फोनचं?”

“नाही.”

“कधी सांगणार आहेस?” मी विचारलं.

“ते माझं काम नाही ताई,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं. “मी विसरलेली नाहीये. पण आईला ते माझ्याकडून कळलं, तर ती तक्रार होईल. तू सांगितलंस तर वेगळं.”

*

आज मंगळवार, १२ एप्रिल २०२२. उइटहॉर्न, तेच टेबल. हजर: आई, वय त्र्याहत्तर, शनिवारी आली, आणि मी. श्रीरंग ऑफिसात, इरा शाळेत. केतकीचा मुलगा रविवारी दोन वर्षांचा होईल. परवा, गुरुवारी संध्याकाळी, बोट आहे. या वेळी कुणी काही बंद केलेलं नाही. मी तीनदा तपासलं.

काल आईने फ्रीझरमधून लाडवांचा डबा काढला. दोन वर्षांचे लाडू. मी म्हटलं, “आई, टाकून देऊ या, नवे करू.” ती म्हणाली, “नवे केलेत मी, पहाटेच. हे फक्त तिला दाखवायचेत. बघ म्हणावं, निघाले होते मी.”

म्हणून आज सकाळी मी नवी यादी केली. ठिकाणं तीच अकरा. केतकीने कळवलंय की भिंत पहिली ठेव, आई म्हणतेय चढणार. रेल्वेच्या म्युझियमपुढे मुलाच्या झोपेची वेळ लिहिली आहे. व्हिटबीला ‘आई खाली आइस्क्रीम’ तसंच ठेवलं, फक्त आता तिच्याबरोबर तिचा नातू. भिंतीखालची डॅफोडिल यंदा उरली असतील की संपली असतील, ते केतकीला विचारायचं राहिलं. आमच्या बांधावरची माना टाकू लागली आहेत.

अकरानंतर मी बारा हा आकडा घातला आणि पुढे काही लिहिलं नाही. ती ओळ दहा मार्चच्या फोनची आहे. आम्ही यॉर्कला पोहोचायच्या आत ते आईला सांगून व्हायला हवं. केतकीच्या दारात, त्या दोघी दोन वर्षांनी एकमेकींना भेटत असताना, मला तिथे आईच्या कौतुकाखाली उभं राहायचं नाही.

आईने चष्मा लावला, यादी ओढून घेतली आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचली. तिच्या जुन्या यादीतली पेन्सिलची अक्षरं या कागदावर नाहीत, याची तिला चुटपुट लागलेली दिसली. बोट बारावर येऊन थांबलं.

“इथे काय आहे?”

“तिथे अजून लिहायचंय.”

“ठिकाण का?”

“नाही. काम आहे एक.”

“मग लिही की. तू कधीपासून रिकामा आकडा ठेवायला लागलीस?” तिने पेन्सिल माझ्याकडे सरकवली आणि चहा टाकायला उठली.

पाणी उकळायला लागलंय. ती आलं किसतेय, पाठ माझ्याकडे आहे. पेन्सिल माझ्या हातात आहे, बारा आकड्यापुढे कागद कोरा आहे, आणि बोटीला दोन दिवस आहेत.